बाळाची शी: फिरणाऱ्या मेसेजमध्ये काय चुकलंय आणि काय राहून गेलंय

बाळंतिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच: बाळाला रोज शी झालीच पाहिजे. हिरवी शी म्हणजे आईचं खाणं बाधलं. दात येताना जुलाब होणारच, घाबरू नका. जुलाबात दूध बंद ठेवा. आठवड्यातून एकदा एरंडेल किंवा घुटी देऊन पोट साफ करा. यातलं जवळजवळ काहीच बरोबर नाही, आणि काही सल्ले बाळाच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

रोज शी व्हायला हवी, हा नियम सगळ्या वयाच्या बाळांना लागू नाही. जन्मानंतरची पहिली काळपट, चिकट शी मात्र 24 तासांत, फार तर 48 तासांत व्हायला हवी. नाही झाली तर आतड्याचा जन्मजात दोष नाही ना, हे डॉक्टरांनी बघायला हवं. पाचव्या दिवसापर्यंत रंग पिवळा होतो. अंगावर पिणारं बाळ सुरुवातीला दिवसाला आठ-दहा वेळाही पातळसर, दाणेदार शी करतं, कारण पोटात दूध पडलं की आतड्याला चालना मिळते. हे जुलाब नव्हेत. साधारण सहा आठवड्यांनंतर तेच बाळ चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही शी करत नाही. बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, पोट मऊ असेल आणि अखेर झालेली शी मऊ असेल, तर ते बद्धकोष्ठ नव्हे. पहिल्या महिन्यातच शी कमी झाली तर मात्र दूध पुरतंय का ते बघावं, वजन करावं.

लहान बाळ लालबुंद होऊन दहा-वीस मिनिटं कुंथतं, रडतं, आणि मग मऊ शी होते. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे, हे त्याला अजून जमत नसतं. काही आठवड्यांत जमतं. त्यासाठी विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाचा तुकडा घालू नका. नाजूक जागेला इजा होते आणि बाळाला त्याचीच सवय लागते.

हिरव्या शीचा मुद्दा मला सर्वांत जास्त खुपतो, कारण त्याची शिक्षा आईला मिळते. तिच्या ताटातून पालेभाजी जाते, फळं जातात, मग डाळही जाते. आधीच थकलेली बाई मेथी-भातावर दिवस काढते. खरं कारण साधं आहे. शीला रंग पित्तामुळे येतो. पित्त हिरवट असतं आणि आतड्यातून हळूहळू पुढे सरकताना पिवळं-तपकिरी होतं. अन्न जरा लवकर पुढे गेलं की हिरवा रंग तसाच राहतो. लोहाच्या थेंबांनीही शी गडद हिरवी किंवा काळसर होते. बाळ खेळतंय, पितंय, तर हिरव्या रंगाची काळजी नको. थेंब चालू नसताना शी काळी झाली किंवा तिच्यात रक्त दिसलं, तर मात्र लगेच दाखवावं. (वरचं खाणाऱ्या मुलाच्या शीत गाजराचे किंवा मक्याचे तुकडे दिसले, तर ते नीट चावलं गेलं नाही, एवढाच अर्थ.)

दात आणि जुलाब यांचा मेळ वयामुळे बसतो. सहाव्या महिन्याच्या आसपास दात येऊ लागतात, त्याच सुमारास वरचं खाणं सुरू होतं, हाताला लागेल ते तोंडात जातं आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते. जुलाब होतात ते जंतूंमुळे. दातांवर ढकलले की उपचाराला उशीर होतो.

‘दूध बंद ठेवा’ हा सल्ला मात्र सरळ घातक आहे. जुलाबात बाळाच्या शरीरातलं पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात. अशा वेळी दूध थांबवणं म्हणजे उरलासुरला आधारही काढून घेणं. अंगावर पाजणं वाढवायचं. प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिली ओआरएस, चमच्याचमच्याने. सहा महिन्यांपुढच्या बाळाला झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 14 दिवस, जुलाब थांबले तरी. त्याहून लहान बाळाचा डोस डॉक्टरांना विचारा. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात ही पाकिटं आणि गोळ्या मिळतात. वरचं खाणाऱ्या मुलाला मऊ भात, वरण, केळं चालू ठेवा. डोळे खोल गेले, शू कमी झाली, बाळ मलूल पडलं, तर घरी थांबू नका.

एरंडेलाने पोट ‘साफ’ होत नाही, विनाकारण जुलाब होतात. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज घुटीही नको आणि पाणीही नको, कारण सहाणेवरून आणि पाण्यातून जंतू पोटात जातात. घुटी मधात उगाळली असेल तर धोका आणखी मोठा. वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात मधातले बोट्युलिझमचे जंतू रुजून विष तयार करू शकतात, आणि त्याचं पहिलं लक्षण बहुतेकदा बद्धकोष्ठच असतं.

आता जे या मेसेजमध्ये कधीच नसतं ते. पांढरट, राखाडी किंवा मातकट फिकी शी. पित्त आतड्यात पोचत नसलं की शीला रंगच येत नाही. बिलियरी अट्रेशिया या आजारात पित्तनलिका बंद होतात आणि यकृत आतून खराब होत जातं. जपानी सर्जन मोरिओ कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया त्यावर करतात. ती बाळ 60 दिवसांचं व्हायच्या आत झाली तर यश मिळण्याची शक्यता जास्त. तैवानने 2004 पासून देशभर प्रत्येक आईला शीच्या रंगांचं कार्ड द्यायला सुरुवात केली, आणि वेळेत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. आपल्याकडे बरीच बाळं त्या मुदतीनंतर पोचतात, कारण बाळ बाहेरून गुटगुटीत दिसत असतं आणि कावीळ आपोआप उतरेल म्हणून घरचे थांबलेले असतात.

म्हणून पहिले दोन महिने शी दिवसाच्या उजेडात बघा. ती फिकी असेल, लंगोटावर शूचे पिवळे डाग पडत असतील, किंवा दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. डायपरचा फोटो काढून सोबत न्या. ‘कोवळ्या उन्हात ठेवा, उतरेल’ असं कुणी सांगितलं, तरी रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडलंय का, हे दाखवणारी काविळीची तपासणी) तपासून मागा.