‘पाचशे प्रश्न पाठ करा’ : परीक्षार्थींमध्ये फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

पॅरामेडिक प्रमाणपत्राच्या परीक्षा जवळ आल्या, की नाशिकमधील विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा, की जुने पाचशे वस्तुनिष्ठ प्रश्न उत्तरांसह पाठ करावेत. प्रात्यक्षिक हा निव्वळ उपचार असल्याने आदल्या रात्री एखादा व्हिडिओ पाहावा. औषधांच्या मात्रा मोबाइलवर मिळतात, त्यांत वेळ घालवू नये. आणि १०८ च्या गाडीत डॉक्टर असतोच, तेव्हा आपल्याकडे काम उरते ते स्ट्रेचर उचलण्याचे. (याच क्षेत्रात येऊन ‘उपचार’ या शब्दाचा असा अर्थ घेणाऱ्याचे कौतुकच करायला हवे.) मी या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके घेतो, त्यामुळे या सल्ल्याचे परिणाम मला टेबलापलीकडून दिसतात.

जुने प्रश्न सोडवण्यात काही गैर नाही. आपला कोणता भाग कच्चा आहे, हे त्यावरून चांगले कळते. अडचण उत्तरे पाठ करण्यात आहे, कारण या संचांमध्ये निरनिराळ्या काळांतील उत्तरांची सरमिसळ झालेली असते. प्रौढांच्या सीपीआरमधील (हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब आणि कृत्रिम श्वास देणे) १५ दाबांमागे २ श्वास हे प्रमाण २००५ मध्ये बदलून ३०:२ झाले. श्वासमार्गाच्या आधी छातीवरील दाब हा क्रम २०१० मध्ये आला आणि असिस्टोलमध्ये, म्हणजे हृदयाची विद्युत हालचाल पूर्ण थांबलेली असताना, अ‍ॅट्रोपिन हे औषध सरसकट देणेही त्याच वर्षी वगळले गेले. मिनिटाला १०० ते १२० दाब आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोली, ही वरची मर्यादा २०१५ मधली. माझ्यासमोर आलेल्या एका संचात १५:२ आणि ३०:२ ही दोन्ही उत्तरे थोड्याच पानांच्या अंतराने बरोबर म्हणून छापलेली होती. लहान मुलाला दोघे जण सीपीआर देत असतील तर १५:२ आजही बरोबर आहे. पण तसा खुलासा तिथे कुठेही नव्हता, आणि पाठ करणाऱ्याला तो शोधावासाही वाटला नसता.

शिवाय प्रश्न जरा वळवून विचारला, की पाठांतर लंगडे पडते. ‘ऑर्गनोफॉस्फरस (कीटकनाशकांचा एक प्रकार) विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन’ हे प्रत्येकाला पाठ असते. आता प्रश्न असा आला, की निफाडजवळच्या द्राक्षबागेत फवारणी करताना एक तरुण कोसळला आहे, तोंडातून लाळ गळते आहे, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत आणि अंगावरचा सदरा भिजलेला आहे, तर तुमची पहिली कृती कोणती? पर्यायांमध्ये अ‍ॅट्रोपिन असतेच आणि पाठांतरवाला त्यावरच खूण करतो. खरे तर आधी स्वतः हातमोजे घालून रुग्णाला तिथून बाजूला घ्यायचे आणि तो सदरा उतरवायचा, कारण ते विष त्वचेतून शरीरात जातच राहते आणि उचलणाऱ्यालाही बाधते. मग सक्शन (तोंडातील स्राव नळीने ओढून काढणे), ऑक्सिजन आणि त्यानंतर अ‍ॅट्रोपिन. तेही बाहुल्या मोठ्या होईपर्यंत नव्हे, तर छातीतली घरघर थांबून स्राव आटेपर्यंत. तोंडी परीक्षेत मी रुग्णाचा भाऊ होऊन एवढेच सांगतो, ‘दादानं औषध घेतलंय.’ आपल्याकडे कीटकनाशकालाही औषधच म्हणतात, त्यामुळे कोणते औषध, किती, कधी आणि डबा कुठे आहे, हे विचारल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. बरेच जण विचारत नाहीत.

व्हिडिओ पाहून प्रात्यक्षिक जमते, असे ज्याला वाटते त्याने घड्याळ लावून सरावाच्या पुतळ्यावर सलग दोन मिनिटे दाब द्यावेत. पहिले मिनिट संपता संपता कोपर वाकू लागते आणि छाती पूर्ण वर येण्याआधीच पुढचा दाब पडतो. दाब देणारा दर दोन मिनिटांनी बदलावा, हा नियम का आहे, ते मनगटांना तेव्हा कळते. सराव करताना प्रत्येक कृती मोठ्याने बोलावी, हेही मी आवर्जून सांगतो. ‘जागा सुरक्षित आहे’ हे तुम्ही मनात म्हटले असेल, पण ते परीक्षकाला ऐकू येत नाही.

मात्रांबाबतचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. अ‍ॅड्रेनालिनच्या १ मिलिलिटरच्या नेहमीच्या अँप्यूलमध्ये (काचेच्या कुपीत) १ मिलिग्रॅम औषध असते. हृदय बंद पडलेल्या प्रौढाला ते पूर्ण १ मिलिग्रॅम शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी द्यायचे असते. तीव्र अ‍ॅलर्जीने घशाला सूज आलेल्या प्रौढाला मात्र त्याच अँप्यूलमधले अर्धे, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. नाडी चालू असलेल्या या दुसऱ्या रुग्णाच्या शिरेत पूर्ण अँप्यूल गेले, तर औषधानेच जीव धोक्यात येतो. मूल १५ किलोचे असेल तर मात्रा ०.१५ मिलिग्रॅमवर येते. सुरगाण्याहून येताना घाटात रेंज गेलेली असते, तेव्हा हा दशांशचिन्हाचा हिशेब कोणता मोबाइल करून देणार?

राहिला डॉक्टरचा मुद्दा. आपल्या राज्यात १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, हे खरे आहे, पण त्यालाही हात दोनच असतात. तो अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) धरून बसला, तर दाब, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) आणि शिरेतली लाइन दुसऱ्यानेच पाहावी लागते. नाशिककरांना तर हे वेगळे सांगायला नको. २००३ च्या सिंहस्थातील चेंगराचेंगरी या शहराने पाहिली आहे आणि २०२७ मध्ये गोदाकाठी पुन्हा तशीच गर्दी लोटणार आहे. एका डॉक्टरसमोर चाळीस जखमी असतील, तेव्हा चालू शकणाऱ्यांना बाजूला काढणे आणि उरलेल्यांपैकी श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त असलेल्याच्या मनगटाला लाल, म्हणजे ‘आधी याला उपचार’ अशी पट्टी बांधणे, हे काम स्ट्रेचर घेऊन आलेल्याकडेच येते.