रीलसाठी पक्षी उठवणाऱ्यांनो

आज सकाळी पैठणजवळ सोनेवाडीला, नाथसागरच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) बॅकवॉटरला गेले होते. डोकं अजून गरम आहे म्हणून लगेच लिहितेय. पट्टकदंब हंसांचा मोठा थवा काठाला निवांत बसलेला आणि तीन-चार पोरांनी ड्रोन थेट त्यांच्या डोक्यावर नेला. सगळा थवा उडाला. जरा कुठे परत टेकले तर पुन्हा उठवले, का तर पहिल्या शॉटमध्ये सूर्य नीट आला नाही म्हणे!!

अरे, हिमालय ओलांडून येतात रे ते. रात्री शेतात चरायचं, दिवसा पाण्याकाठी आराम करायचा, परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची, आणि तुम्ही ती तुमच्या रीलवर उधळताय.

मागे इथेच एक भोई काका भेटले होते. थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी काढून येत होते. मधे हा असाच थवा. सरळ आले असते तर लगेच काठाला लागले असते, पण गडी लांबून वळसा घालून आला, इकडे मासे घ्यायला आलेला व्यापारी बोंबलतोय तरी ह्यांचं आपलं सावकाश. मी उभी होते तर मलाच म्हणाले, "ताई, खाली बसा की, झोपलेत ते."

बरं, पर्यटक आले की चार चहावाल्यांचं चालतं, मान्य. नाथसागर माणसानेच बांधलाय, तेही मान्य. पण पाणी उतरलं की उघडा पडणारा गाळ, त्यातले किडे, शेवाळ, ह्याच्यावरच शेकाटे, चमचे, रोहित (फ्लेमिंगो) हे पक्षी जगतात ना? १९८६ पासून अभयारण्य आहे हे, लग्नाचा हॉल नाही!

खरं सांगू, पोरं वाईट नव्हती. बोलले तर एकाने सॉरी म्हणत लगेच ड्रोन उतरवला. पैठणचाच पोरगा, पण पक्ष्याचं नाव माहीत नाही. कसं असणार, सहली नाथांच्या समाधीला आणि ज्ञानेश्वर उद्यानात जातात, बॅकवॉटरला नेतंय कोण? काकांचं तर पोटच त्या पाण्यावर होतं, घाई त्यांना जास्त होती, तरी त्यांनी वळसा घेतला.

त्या पोराला रविवारी बोलावलंय. संभाजीनगरहून पहाटे निघतेय, गाडीत दोन जागा आहेत, जास्तीची दुर्बीण असेल तर आणा. भडक रंगाचे कपडे नकोत.