बिल मागून कुणाचं भलं झालंय?

पोरांनो, पुण्यात शिकायला आला आहात तर पहिली गोष्ट लक्षात ठेवा, दुकानात बिल मागायचं नाही. 'पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वर पडेल,' असं दुकानदार म्हणतो, ते तुमच्याच काळजीपोटी. आपण लाजून 'राहू द्या काका' म्हणायचं. बिल द्यायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे म्हणे. असेल. कायदा दिल्लीत झाला, आपण उभे आहोत तपकीर गल्लीत.

मी तिथून साडेचारशेचे इअरफोन घेतले होते. चौथ्या दिवशी डावा कान गेला. परत गेलो तर काउंटरच्या काचेवर, स्वामींच्या तसबिरीशेजारी पाटी: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. उदबत्तीचा धूर दोघांवरून सारखाच फिरत होता. मी दोघांनाही नमस्कार करून परतलो. तुम्हीही तेच करा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे, पण पाटी किती सुवाच्य अक्षरात होती ते तुम्ही पाहिलेलं नाही. शिवाय बिल होतं कुठे माझ्याकडे?

पाण्याच्या बाटलीवर 20 छापलेले असताना 25 मागितले, तर देऊन टाका. पाच रुपये कूलिंगचे. छापील किमतीत सगळं आलं, वर एक पैसा घेता येत नाही, हे वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापनवाल्यांना माहीत असलं की पुरे.

स्पर्धा परीक्षेचा क्लास निवडताना मात्र डोळसपणे निवडा, म्हणजे फ्लेक्स बघून. सदाशिव पेठेत एकच टॉपर तीन क्लासांच्या फ्लेक्सवर हसताना दिसला, तर समजा की बिचाऱ्याने तिन्हीकडे घाम गाळला. त्याने नेमका कुठला कोर्स केला होता, वर्षभराचा की नुसता मुलाखतीचा, हे जाहिरातीत सांगायलाच हवं, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये बजावलंय. तुम्ही विचारू नका. सरांना वाईट वाटतं.

आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आजोबांनी सांगितलेलं विसरू नका. आता पायरी चढावीच लागत नाही, ही खरी पंचाईत. तक्रार ऑनलाइन करता येते, वकील लागत नाही, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि दुकान कुठेही असो, आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रारीची मुदत 2 वर्षं. त्याही आधी 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहेच. इतकं सोपं झाल्यावर रडगाणं गायची मजा काय राहिली?

आमच्या वाड्यात लातूरचा एक पोरगा होता. चहापत्तीच्या बिलाचासुद्धा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायचा. आम्ही त्याला 'वकीलसाहेब' म्हणून छळायचो. एप्रिलमध्ये त्याचा नवा कूलर बंद पडला. दुकानदार 'कंपनीकडे जा' म्हणाला, तर ह्याने तिथेच उभं राहून 1915 लावला. पंधरवड्यात नवा कूलर आला. मे महिनाभर आम्ही पाचही जण त्याच्याच खोलीत चटया टाकून झोपलो, आणि रोज रात्री दिवा मालवेपर्यंत त्याच्या चिकटपणाला हसत होतो.