दहाची पेज आणि जिमवाला भाचा

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा फोंड्याला आला आणि सकाळी दहाच्या पेजेची वाटी बाजूला सारून म्हणाला, "मामा, माणूस मुळात शिकारी. भात आपल्या शरीराला मानवत नाही." पोरगा जिमला जातो, दंड बरे झालेत. माझं भांडण दंडांशी नाही.

म्हटलं, आधी तुझ्या लाळेला विचार. पिष्ट फोडणारं अमायलेज तिच्यात असतं. त्याच्या जनुकाच्या प्रती कुणात कमी, कुणात जास्त. पिष्टमय अन्नावर जगत आलेल्या समाजांत त्या सरासरीने जास्त असतात, हे २००७ मध्येच दाखवून झालंय.

पुढची गंमत पुण्याची. मेंदूला लागणारी लांब साखळीची स्निग्धाम्लं वनस्पतींतल्या साध्या स्निग्धाम्लांपासून घडवायला मदत करणारं एक जनुकरूप आहे. २०१६ च्या अभ्यासात, मुख्यतः शाकाहारी असलेल्या पुण्यातल्या लोकांत ते दुहेरी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेलं, असणारे ६८ टक्के निघाले, अमेरिकन गटात १८. आम्हां तारले-बांगडेवाल्यांना एवढी कारागिरी लागत नाही, ती स्निग्धाम्लं माशात तयारच मिळतात. (पुणेकरांनी रागावू नये, हे कौतुकच आहे.)

दुधाचं म्हणाल तर जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांना ते लहानपणाइतकं पचत नाही. मला एका आहारतज्ज्ञाने सकाळी ग्लासभर दूध लावून दिलं होतं. आठवडाभर पोटात नुसती घुमटं वाजत होती! ताक मात्र चालतं, कारण दुधातली साखर जिवाणूंनी आधीच थोडीफार खाल्लेली असते. आमच्या घरी तसंही दूध म्हणजे नारळाचं.

आणि पूर्वजांसारखंच खायचं तर मिरची, बटाटा, काजू सगळं सोड. पोर्तुगीज १५१० ला गोव्यात आले, ही मंडळी त्यानंतरची. मिरचीला चार-पाचशे वर्षं, म्हणजे वीसेक पिढ्या. एवढ्यात जनुकं फारशी हलत नाहीत. हलली ती चूल. माझं तर म्हणणं आहे की आपलं निम्मं पचन पोटाबाहेरच होतं. सान्नांच्या, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या वड्यांच्या, पिठात सूर (माडी) घालून ते फुगवणं हे पचनच. उकडा तांदूळ घ्या: भात तुसासकट उकडला की कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, आणि मग कांडलं तरी बरीचशी टिकतात. पांढऱ्या सडीक तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी हा ब जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग व्हायचा. आजीला जीवनसत्त्व हा शब्दही ठाऊक नव्हता, पण सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाची पेज दिली तर ती तोंड वाकडं करायची.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि चार अंडी उकडली. त्याची वाटी मी संपवली, मिठातल्या तोरांबरोबर, म्हणजे कैऱ्यांबरोबर.