रिकामी बाकं आणि धर्माचा रकाना

गेल्या महिन्यात एकच फोटो मला तीन ठिकाणांहून आला. इंग्लंडमधलं एक जुनं दगडी चर्च, आत वेदीच्या जागी बार आणि रंगीत काचांच्या खिडक्यांखाली उंच स्टुलं. शाळेच्या ग्रुपवर तो आला ते 'जगाला धर्म शिकवायला निघाले होते ना!' अशा आनंदात. एका विवेकवादी मित्राने 'विज्ञान पोचलं की देव जातो' असं लिहून पाठवला. तिसरा माझ्या भावाचा. तो आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कारभारात असतो. त्याने लिहिलं होतं, 'शेवटचे दिवस जवळ आलेत, प्रार्थना कर.' मी इथे इंग्लंडमध्येच राहते म्हटल्यावर दुजोरा देईनच, अशी तिघांचीही खात्री होती.

मला एकालाही देता आला नाही.

बाकं रिकामी आहेत, ते खरंच आहे. मी मराठी ख्रिस्ती घरातली, इथे येऊन एकोणीस वर्षं झाली. रविवारी कधीमधी जवळच्या चर्चमध्ये जाऊन बसते. श्रद्धेने की सवयीने हे विचारू नका, मी स्वतःही तो प्रश्न पुढे ढकलत असते. दीडशे माणसांच्या जागेत आम्ही वीस-बावीस जण, त्यातले बहुतेक सत्तरीपुढचे. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत २००१ साली सुमारे ७२ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं. २०११ मध्ये ते ५९.३ टक्के झाले आणि २०२१ मध्ये ४६.२, म्हणजे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली. 'कुठलाच धर्म नाही' म्हणणारे त्याच वीस वर्षांत १४.८ टक्क्यांवरून ३७.२ वर गेले.

पण या आकड्यात विश्वास 'सोडलेले' लोक कमीच असावेत. माझ्या ऑफिसातल्या तरुण मुलांनी काही सोडलेलं नाही, त्यांच्या हातात कधी काही दिलंच नव्हतं. त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीत चर्चला जाणं लग्नापुरतं आणि अंत्यविधीपुरतं उरलं, आईवडिलांच्या पिढीत तेही गेलं. यांना बायबलचा राग नाही, कुतूहलही नाही. कुणी न वापरलेली भाषा विसरली जावी तसं ते झालं. या लोकांबद्दल ना विजयाचा ढोल वाजवता येतो, ना शोक करता येतो.

मला बोलायचंय ते दुसऱ्यांबद्दल. जे मनापासून मानत होते आणि मग मानेनासे झाले.

आपल्याकडे या विषयावर बोलायची एक ठरलेली तऱ्हा आहे, वादसभेची. डॉ. श्रीराम लागू 'देवाला रिटायर करा' म्हणत आणि नरेंद्र दाभोलकर त्याच मंचावर बसून सांगत की अंनिसचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाशी आहे. ते कार्यक्रम महाराष्ट्रभर झाले आणि आजही मला ते मराठी सार्वजनिक जीवनातल्या उत्तम गोष्टींपैकी वाटतात. पण त्या चर्चा ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनात एक समजूत पक्की बसली, की माणूस युक्तिवाद हरतो आणि मग बाजू बदलतो. आस्तिकांनाही तसंच वाटतं, म्हणून ते प्रत्युत्तरांची पुस्तकं छापतात. प्रत्यक्षात असं वादात हरून नास्तिक झालेला माणूस मला एकोणीस वर्षांत भेटलेला नाही.

डार्विनचंच बघा. आपल्याकडे दोन्ही बाजू धरून चालतात की उत्क्रांतीने त्याचा देव खाल्ला. त्याच्या आत्मचरित्रात मात्र वेगळंच दिसतं. अविश्वास इतका हळूहळू आला की त्रासही झाला नाही, असं तो सांगतो. जिथे त्याची लेखणी खरी तापते ती जागा विज्ञानाची नाहीच. विश्वास न ठेवणाऱ्यांना कायमचा नरक, या शिकवणीपाशी तो थांबतो. ती खरी मानायची तर आपले वडील, भाऊ आणि जवळजवळ सगळे जिवलग मित्र तिथे जाणार. असली शिकवण खरी असावी अशी इच्छा तरी कुणी कशी करेल, असा त्याचा सवाल. १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी वारली. त्या दुःखाचा वाटा किती, यावर अभ्यासक भांडतात. पण नरकाबद्दलचा राग कुठल्याही जीवाश्मातून आलेला नाही, एवढं तरी नक्की.

माझ्या एका सहकाऱ्याची गोष्ट याच वळणाची. तो कडक बायबलनिष्ठ घरातला, लहानपणापासून वचनं तोंडपाठ. विशीत त्याने ठरवलं की निवडक वचनं पुरे झाली, आता पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं. १ शमुवेलच्या पंधराव्या अध्यायात तो अडकला. तिथे शौल राजाला देवाची आज्ञा होते की अमालेकी लोकांना मारून टाक, पुरुष, बायका, तान्ही मुलंसुद्धा. त्याने पाळकांना विचारलं. देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत, असं उत्तर मिळालं. "तोपर्यंत तेच मला शिकवत आले होते की चांगलं-वाईट देवाने माझ्या हृदयावर लिहिलंय," तो म्हणाला. "मग हृदय ओरडत होतं तेव्हा ते गप्प बस का म्हणाले?"

पुढे त्याला आणखी एक कळलं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटची बारा वचनं चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. ही काही गुप्त गोष्ट नव्हे. इंग्रजी बायबलांत तशी तळटीप असते, धर्मशिक्षणाच्या कॉलेजात ती शिकवतात. विश्वास तळटिपेने गेला नाही, असं तो सांगतो. आपल्याला शिकवणाऱ्यांना ती माहीत होती आणि त्यांनी कधी सांगितली नाही, याने गेला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पुस्तकात चुका असल्या तरी माणूस सांभाळून घेतो. आपल्याला लहान मुलासारखं वागवलं गेलं, हे मात्र त्याला पचत नाही.

यावरून मला नेहमी नाताळचे बिशप कोलेन्सो आठवतात. (नाताळ म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला प्रांत, सण नव्हे.) इंग्लंडमध्ये ते अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी प्रसिद्ध होते. आफ्रिकेत जाऊन ते बायबलचं झुलू भाषांतर करायला बसले, सोबत विल्यम एन्गिडी नावाचा झुलू सहकारी. नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट आली तेव्हा एन्गिडीने विचारलं, हे सगळं खरंच घडलं असं तुम्ही मानता का? जगभरचे प्राणी, त्या एका तारवात? बिशपांना भूगर्भशास्त्र थोडंफार येत होतं. देवाच्या नावाने खोटं बोलायचं का, हा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडला. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायातही तसंच झालं. मार खाल्लेला गुलाम एखाद-दोन दिवस जगला तर धन्याला शिक्षा नाही, कारण तो त्याचा पैसाच. हे भाषांतरात आलं तेव्हा झुलू मदतनिसाला बसलेला धक्का कोलेन्सोंनी नोंदवून ठेवलाय. मग ते गणिताला बसले. इजिप्तमधून निघालेले सहा लाख पुरुष म्हणजे बायकामुलांसह वीस लाखांवर माणसं. ती वाळवंटात कशी राहतील, कशी चालतील? १८६२ मध्ये पुस्तक निघालं आणि गदारोळ उडाला. १८६३ मध्ये केपटाउनच्या बिशपांनी त्यांना पदावरून काढलं, १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते काढणं रद्द ठरवलं.

मिशनऱ्याने प्रश्न शिकवायचे आणि 'नेटिव्ह'ने उत्तरं पाठ करायची, ही व्यवस्था एका झुलू माणसाने उलटी केली, याची मला गंमत वाटते. आणि कोलेन्सोंनी देव सोडला नाही, हेही खरं. ते मरेपर्यंत बिशप राहिले आणि पुढे झुलूंच्या बाजूने वसाहतीच्या सरकारशी भांडले.

आपल्याकडेही असंच एक माणूस होऊन गेलं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इथल्याच वाँटेजमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घेतल्या घेतल्या सिस्टरांना भंडावून सोडलं. त्रैक्य का मानायचं, बिशपांचा अधिकार कुठून आला? मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, हे त्यांनी पत्रांतून स्वच्छ कळवलं. हिंदू पंडितांची हुकमत झुगारून आलेली बाई अँग्लिकन हुकमतीपुढे का वाकेल? त्या कुठल्याच खोक्यात बसल्या नाहीत. पण आयुष्याच्या अखेरीस मूळ हिब्रू-ग्रीक समोर ठेवून त्याच पुस्तकाचं साध्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. म्हणजे तोच प्रश्न एकाला दाराबाहेर नेतो आणि एकीला आणखी आत. कुणाला कुठे नेईल, याचा नियम मला सापडलेला नाही. प्रश्न विचारल्यावर समोरचा कसा वागला, यावर बरंच अवलंबून असावं असा माझा अंदाज.

सरळ संस्थेवरचाच विश्वास उडालेले तर पुष्कळच. नोव्हेंबर २०२४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडचे सर्वांत वरचे धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका माणसाबाबत चर्चने वर्षानुवर्षं पुरेशी पावलं उचलली नाहीत, असा अहवाल आल्यानंतर. त्या आठवड्यात आमच्या बावीसातले तीन गेले आणि परत आले नाहीत.

आणि फुलंवाल्या बाई. वय ७८, चर्चमधली फुलं गेली तीस वर्षं त्याच लावतात. नवरा आजारी असताना दोन वर्षं रोज प्रार्थना केली, तो गेला. "मी चिडले नाही," त्यांनी मला एकदा देठ कापता कापता सांगितलं. "एके दिवशी लक्षात आलं की पलीकडे कुणी ऐकत नाहीये." मग येता का अजून? "फुलं कुणीतरी लावायला हवीत ना." पाळकांनाही हे ठाऊक आहे. कुणी त्यांना काढलं नाही, कुणी समजवायला आलं नाही.

त्यांचं हे बोलणं ऐकताना मला घरच्या वादात काय सुटतं ते कळलं. इथे त्या हे बोलू शकतात, कारण बोलल्याने काहीच बिघडत नाही. हे इथेही फुकट मिळालेलं नाही. 'सेक्युलॅरिझम' हा शब्द घडवणारे होलिओक १८४२ मध्ये ईश्वरनिंदेसाठी तुरुंगात गेले. नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये निवडून आले आणि पार्लमेंटात बसायला त्यांना सहा वर्षं लागली. (हेच ब्रॅडलॉ १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते आणि १८९१ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला तरुण मोहनदास गांधी हजर होते.) ईश्वरनिंदेचा कायदा इथून गेला तो थेट २००८ मध्ये.

आपल्याकडे 'मी मानत नाही' म्हणणं हे मत राहतच नाही, घर सोडणं होतं. धर्माच्या रकान्याला लग्नाचा कायदा लटकलाय, वारसा लटकलाय, दफनभूमीतली जागा लटकलीय. अनुसूचित जातींबद्दलच्या १९५० च्या सरकारी आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत धरला जात नाही, म्हणजे रकान्याला जातसुद्धा आहे. २०१२ मध्ये मुंबईत क्रुसाच्या मूर्तीतून पाणी ठिबकू लागलं, तेव्हा विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकूंनी ते तुंबलेल्या नळकामाचं पाणी असल्याचं सांगितलं. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला गेले ते तिथेच राहिले. पुढच्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ते तर देव मानू नका असंही म्हणत नव्हते.

२०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक विलक्षण प्रकरण आलं. याचिकाकर्ते म्हणत होते, आम्ही येशूला मानतो, पण ख्रिस्ती किंवा कुठलाच धर्म मानत नाही. सरकारी राजपत्रात 'धर्म नाही' अशी नोंद करा. सरकारी मुद्रणालयाने नकार दिला होता. न्यायालयाने सांगितलं की अमुक धर्माचा आहे असं म्हणायला कुणालाही भाग पाडता येणार नाही, धर्म नाही म्हणायचा हक्क कलम २५ मध्येच आहे. निकाल उत्तम आहे. पण त्याचा उपयोग करायला घरात जी हिंमत लागते ती न्यायालय कुठून देणार? २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगितलेले लोक देशभरात साधारण २८.७ लाख, म्हणजे ०.२४ टक्के. खरोखर न मानणारे एवढेच असतील यावर माझा विश्वास नाही.

म्हणून शाळेच्या ग्रुपला मी लिहिलं की ज्या दिवशी आपल्याकडे न मानणाऱ्याला मानाने वेगळं होता येईल, त्या दिवशी आपलीही बाकं मोजू. उत्तरादाखल दोन अंगठे आले आणि एक जण ग्रुप सोडून गेला. विवेकवादी मित्राला डार्विनचं सांगितलं, तो म्हणाला अपवाद आहे. भावाला काहीच लिहिलं नाही, कारण त्याच आठवड्यात त्याच्या मुलाचा फोन आला होता.

इथले रात्रीचे आठ, म्हणजे तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. हळू आवाजात बोलत होता. "आत्या, मी आता मानत नाही. दोन वर्षं झाली." काय झालं असं मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. मित्र अपघातात गेला, सभेत कुणीतरी त्याला पापाची शिक्षा म्हणालं आणि सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. "तेव्हापासून आत काही राहिलंच नाही. पप्पांना सांगू नकोस हं."

"मग रविवारी जातोस?"

"जातो ना. कीबोर्ड कोण वाजवणार?"

रविवारी मंडळीच्या ग्रुपवर उपासनेचा व्हिडिओ आला. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन चाललं होतं. माझा भाऊ पहिल्या रांगेत डोळे मिटून गात होता आणि मागे, खांबाआडून अर्धा दिसणारा, तो वाजवत होता. पूर्वीपेक्षा बराच सुधारलाय त्याचा हात.