आईचा कॅन्सर मुलीला, वडिलांचा मुलाला? कोण पसरवतं हे?

आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. रात्री दीड वाजता धाकट्या बहिणीचा रडत फोन आला. तिला आलेला मेसेज तिने वाचून दाखवला: ‘आईवडिलांपैकी एकाला कॅन्सर झाला की मुलांच्या रक्तात तो आलाच. आईचा मुलीकडे जातो, वडिलांचा मुलाकडे. बायोप्सी करू नका, सुई लागली की गाठ पसरते. साखर सोडा, कॅन्सर उपाशी मरतो. वर्षातून एकदा मार्करची टेस्ट करा आणि निश्चिंत राहा.’ मग मला म्हणाली, “ताई, आता आपला नंबर का गं?”

आधी ते ‘आलाच’. आईवडिलांकडून कॅन्सर येत नाही. येऊ शकतो तो जनुकातला दोष, आणि असा दोष कारणीभूत असतो तो शंभरातल्या पाच ते दहा कॅन्सरना. जवळच्या नात्यात कॅन्सर असेल तर धोका वाढतो, हे मात्र खरं, ते मी नाकारत नाही. पण किती वाढतो? स्तनाच्या कॅन्सरवरच्या ५२ अभ्यासांची एकत्रित आकडेवारी २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यात हा आजार झालेल्या ५८,२०९ बायका होत्या. आई, बहीण, मुलगी यांपैकी कोणालाच तो नसेल, तर ऐंशी वर्षांपर्यंत शंभरातल्या सुमारे आठ जणींना तो होतो. एकीला असेल तर तेराजणींना. हे आकडे जिथे हा आजार जास्त आढळतो त्या देशांचे आहेत. तिथेसुद्धा उरलेल्या सत्त्याऐंशी जणींना तो होत नाही. बहिणीला मी हे दोनदा वाचून दाखवलं.

आता ‘आईचा मुलीला, वडिलांचा मुलाला’. माझा खरा संताप या वाक्यावर आहे. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांत दोष असेल तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की बीआरसीए-१ हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. बीआरसीए-२ तेराव्यावर आहे. ही गुणसूत्रं मुलग्यातही असतात, मुलीतही. आईकडे किंवा वडिलांकडे यातला दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी, मग तो मुलगा असो की मुलगी. वडील स्वतः ठणठणीत राहून तो मुलीला देऊ शकतात. आणि बीआरसीए-२ चा दोष असलेल्या पुरुषाला प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा, अगदी स्तनाचासुद्धा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो.

आमच्याच घरात काय झालं ते सांगते. जेनेटिक काउन्सेलरने, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाने, विचारलं, कोणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी, आणि दोन्ही बाजूंचं सांगा. आम्ही आजी, मावश्या सगळ्या मोजल्या. आत्या एक्केचाळिसाव्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली, हे आधी कोणाच्या तोंडीच आलं नाही, कारण ती ‘वडिलांकडची’. शेवटी तिचा विषय निघाला, तेव्हा काउन्सेलरने पेन तिथेच थांबवलं. आईला साठीनंतर झाला होता, त्यापेक्षा आत्याचं वय आणि अवयव त्यांना जास्त महत्त्वाचे वाटले.

बायोप्सीबद्दल काय बोलू! आईने याच भीतीपायी चार महिने घालवले. सुईच्या मार्गाने पेशी पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. बायोप्सीशिवाय गाठ कोणत्या प्रकारची हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय उपचार ठरत नाहीत.

साखर सोडल्याने कॅन्सर उपाशी मरत नाही. खाल्ली नाही तरी यकृत ग्लुकोज तयार करतंच. वजन वाढलं की काही कॅन्सरचा धोका वाढतो, तेवढ्यापुरतं साखर कमी करणं बरं, एवढंच मान्य.

मार्कर म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारा घटक. त्याचं म्हणाल तर अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात ते सीए-१२५ पाळीच्या दिवसांत, गरोदरपणातही वाढतं, आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नॉर्मलही येतं. त्याच्या भरवशावर निश्चिंत कसं राहायचं?

जनुक-चाचणी शक्यतो आधी आजार झालेल्या माणसाची करतात. आमच्याकडे आता ना आई आहे, ना आत्या. आईच्या गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मात्र लॅबमध्ये जपून ठेवलेला आहे, कधी कधी त्यावरूनही काही कळतं. वडिलांच्या बाजूसाठी बाबा रक्त द्यायला तयार झालेत. दोष सापडला तर आम्हा तिघा भावंडांची तपासणी होईल, भावाचीसुद्धा. मेसेज वाचून तो म्हणाला होता, “आईचा ना, मग मला काय होतंय?”