बाळाला उलटं धरायला सांगणारा तो मेसेज

काल रात्री साडेअकराला मामेबहिणीचा फोन, रडत. तिचं बाळ 31 आठवड्यांतच जन्मलेलं, 1 किलो 380 ग्रॅम, नऊ दिवस झाले एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. सासूबाईंच्या ग्रुपवर तो फिरणारा मेसेज आला. त्यात म्हणे एवढ्याशा बाळाला फिजिओथेरपी म्हणजे बिल वाढवायचे धंदे, फिजिओ नुसती छाती बडवते, सिस्टर फक्त मशीन बघतात, कांगारू केअर (बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं) हा काचेची पेटी नसलेल्या गावचा उपाय, त्यापेक्षा बाळ घरी आणा, तेल लावून दणकून चोळा, पायाला धरून उलटं करा, कफ पडतो. बारा वर्षं एनआयसीयूत सिस्टर आहे मी, वाचून डोळ्याला डोळा लागला नाही.

आधी ते उलटं धरणं. अहो, इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात की पहिले तीन दिवस आम्ही डायपर बदलताना पायसुद्धा वर उचलत नाही, अलगद कुशीवर वळवतो, डोकं मधोमध ठेवतो, आणि हे सांगतायत उलटं टांगा! कफ बिफ काही पडत नाही, पोटातलं दूध वर येऊन श्वासनलिकेत जातं. आणि दणकून चोळायचं म्हणता, तर ती कातडी कागदासारखी पातळ असते, सोलवटते, उघडं ठेवलं की अंग गार पडतं ते वेगळंच.

छाती बडवण्याबद्दल एक मान्य करते, नाइलाजाने. 1998 साली ऑकलंडच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की खूप आधी जन्मलेल्या 13 बाळांच्या मेंदूला झालेल्या इजेचा संबंध या थापटण्याशी असावा. म्हणूनच आता ते सरसकट करायचं नसतं. मग फिजिओ करते काय? आमच्याकडे ती येते तेव्हा आधी मला विचारते, "सिस्टर, हात लावू का?" आत्ताच सक्शन (नळीने कफ ओढणं) झालं असेल, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन 86 टक्क्यांवर आला असेल तर मी नाही म्हणते, ती थांबते. मग सुती दुपट्याची गुंडाळी करून बाळाभोवती घरट्यासारखं कडं करते, गुडघे पोटाशी, हात तोंडाजवळ, जसं पोटात होतं तसं. ती वीस मिनिटांत जाते, पण तिन्ही शिफ्टच्या सिस्टर दर वेळी कूस बदलताना तेच कडं पुन्हा करतात, नाहीतर पाय बेडकासारखे फाकून राहतात आणि तिची मेहनत वाया.

बिलाचं म्हणाल तर तपशील मागा, तो तुमचा हक्क आहे.

कांगारू केअर 1978 साली कोलंबियातल्या बोगोटात पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झाली हे खरंच. पण 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास आला, भारतासह पाच देशांतल्या मोठ्या हॉस्पिटलांत, 1 ते 1.8 किलोची तीन हजारांवर बाळं. दिल्लीचं सफदरजंगही त्यात होतं. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच छातीशी धरलं त्या गटात पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू जवळपास पाव हिश्श्याने कमी झाले. यात नळ्या सांभाळत बाळ पेटीतून काढायला आणि छातीवर मान नीट ठेवायला दोघी लागतात, एकटीचं काम नाही ते.

बहिणीला सांगितलंय, तिथल्या सिस्टरना विचार आणि उद्या सासूबाईंनाच घेऊन जा. आजीनेही छातीशी धरलेलं चालतं. बांगड्या-अंगठी काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, पुढून उघडणारा ब्लाउज घालून या म्हणावं.